रखुमाईचा मनोरा

बोगादी, म्हैसूर
८ नोव्हेंबर १९९८

प्रिय नरहरी,

पाकिटावरचं अक्षर कुणाचं म्हणून तू कोड्यात पडला असशील. पडणारच. माझं अक्षर तू पाहिलंयस कुठे? पाहिलेस ते गळा, बाही, उंची असे खडूने लिहिलेले आकडे, तेही आमच्या दुकानाच्या फळीवर, रस्ता ओलांडून येता येता. मी शांता. वेंकोबा शिंप्याची शांता. एवढं सांगूनही ओळख पटत नसेल तर हे पत्र घडी करून ठेवून दे आणि सुनेला वाचायला देऊ नकोस. चष्मा लावून स्वतः वाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता नीट दिसतं, असं अंबुबाई म्हणाली. तुझी चुलत बहीण देवळात भेटली आणि तुझी सगळी खबर तिनेच दिली. तू दुकान बंद केलंस, वहिनी गेल्या वर्षी गेल्या, तू दिवसभर गॅलरीत बसून असतोस आणि कुणाशी फारसं बोलत नाहीस. वहिनींचं ऐकून वाईट वाटलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांनी तुझं सगळं सांभाळलं असणार. तुला सांभाळणं सोपं नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

इथे मला आता कुणी शांता म्हणत नाही. शेजारपाजार, दूधवाला, पोस्टमन, सगळ्यांची मी शांताक्का. मुलाची मी अम्मा, नातवाची अज्जी. नातू माझ्याशी कन्नडमध्येच बोलतो. मी मराठीत विचारलं की गालात हसतो आणि कन्नडमध्ये उत्तर देतो. त्याचं काय चुकलं म्हणा, माझ्याच मराठीला तुमच्या सोलापुरात कुणी मराठी म्हणणार नाही. नुसतं शांता म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलंय, आणि त्याने ते नाव तोंडातून काढून किती काळ लोटला कोण जाणे. पत्राच्या शेवटी मी सही करीन तेव्हा तू ते एकदा मोठ्याने म्हण. गॅलरीत कुणी नसताना म्हण म्हणजे झालं.

आधीच सांगून टाकते, कारण मला गोल गोल बोलता येत नाही. मी इतकी वर्षं एकच गोष्ट मनात घेऊन जगले. चर्चच्या सणाच्या त्या संध्याकाळी तू का आला नाहीस? राग होताच, खोटं का बोलू. पण रागापेक्षा नवल जास्त होतं. न येणाऱ्यातला तू नव्हतास. बासष्ट सालचा ऑगस्ट होता तो, तुझ्या लक्षात असेलच. नसेल तर मी पुढे आठवण करून देते. पण मला ते माझ्या पद्धतीने, सुरुवातीपासून सांगू दे. मधेच पानं उलटून शेवट बघू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

आम्ही बोगादीला येऊन तीन वर्षं झाली. मुलाने घर बांधलं, ऐसपैस आहे, नळाला पाणी आहे, अंगणात दोन नारळ आहेत. तक्रार करायला जागा नाही. फक्त गच्चीवर गेलं की काही दिसत नाही. म्हणजे दिसतं, अर्धवट बांधलेली घरं, पाण्याच्या टाक्या, लांबवर शेत. पण आपल्या बोळातल्या गच्चीवरून जे दिसायचं, लग्नानंतरही लांबून का होईना दिसत राहिलं, ते दिसत नाही. पहिले कितीतरी दिवस सकाळी कपडे वाळत घालायला वर गेले की मान आपोआप त्या बाजूला वळायची आणि तिथे नुसतं आभाळ असायचं. सून विचारायची, अम्मा, काय शोधता? मी म्हणायची, काही नाही गं, सुम्ने, उगाच. तिला काय सांगू? की मला दोन मनोरे हवेत?

तुला ती गच्ची आठवते ना? तुमची आणि आमची गच्ची एकमेकींना लागून, मधे कमरेएवढी भिंत. बोळ चर्चच्या पाठीमागे, त्यामुळे आपल्याला चर्च दिसायचं ते नेहमी मागून. आधी वेदीच्या मागची गोल भिंत, मग लांब छप्पर, आणि त्या छपरापलीकडे, पार पुढच्या टोकाला, ते दोन उंच मनोरे. माझे वडील म्हणायचे, तो पाया घातला गेला तेव्हा मी गर्दीत उभा होतो. महाराजांनी स्वतः दगड बसवला, आणि आधीचं जुनं लहानसं चर्च किती बसकं होतं, ते ते हाताने दाखवायचे. नकाशा कुणा फ्रेंच माणसाने काढला, नमुना घेतला जर्मनीतल्या कुठल्याशा मोठ्या चर्चचा, खिडक्यांच्या रंगीत काचा आल्या फ्रान्सहून, पैसा लावला म्हैसूरकरांनी, दगड वाहिले इथल्या गवंड्यांनी, आणि पाद्र्यांचे झगे शिवले वेंकोबा शिंप्याने. हे शेवटचं वाक्य ते दर वेळी घालायचे. जणू झगे शिवले नसते तर मनोरे उभेच राहिले नसते.

मनोऱ्यांना नावं आपणच ठेवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तू दोनेक वर्षांनी मोठा. एकादशीचा उपास होता आणि आपण भिंतीवर पाय सोडून शेंगदाणे खात बसलो होतो. समोर ते मनोरे, दोघं सारखेच उंच, सारखेच सरळ, शेजारी शेजारी उभे. तूच म्हणालास, हे तर आपले विठोबा-रखुमाई. मग भांडण, कोणता विठोबा आणि कोणती रखुमाई. मी म्हटलं, देवळात कसं असतं? समोर उभं राहिलं की रखुमाई आपल्या उजव्या हाताला असते. म्हणून उजवीकडचा मनोरा रखुमाईचा. तुला ते पटलं. तुला माझं पटलं असा तो एकमेव प्रसंग असावा. पुढे सगळं त्यावरच चाललं. पतंग रखुमाईच्या बाजूला गेला, विठोबाच्या कळसावर घार बसलीय, आज रखुमाई धुक्यात गेली. आईला वाटायचं पोरं देवाधर्माचं बोलतायत.

चर्चमध्ये आपण जायचो ते बाजूच्या फाटकाने, पाद्र्यांच्या घराकडे झगे पोचवायला. झग्याला गळ्यापासून पायापर्यंत बटणांची रांग, आणि त्या सगळ्या बटणांची काजं माझ्याकडे. वडील म्हणायचे, काज करावं तर शांतानेच. कापणं तुमच्याकडे, शिवणं आमच्याकडे, असं तेव्हा दोन्ही घरांचं मिळून चालायचं. तू कापायला बसलास की मी बघत बसायची. एकदा तू मला आतून सगळं चर्च दाखवलंस. दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. तू म्हणालास, वरून पाहिलं तर हे चर्च म्हणजे टेबलावर पसरलेला झगा आहे. हा लांब भाग म्हणजे अंग, या दोन बाजू म्हणजे बाह्या, आणि वेदी आहे तिथे गळा. मला ते इतकं पटलं की पुढे कुणी क्रूस म्हटलं तरी मला झगाच दिसायचा. मग तू मान वर करून खांबांवरून निघणाऱ्या कमानी कुठे जुळतात ते बोटाने दाखवत राहिलास, आणि मी खाली फरशीवर पडलेला काचांचा निळा-तांबडा उजेड बघत राहिले. तो उजेड तुझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला होता. तू वर बघत होतास म्हणून मला तुझ्याकडे पोटभर बघता आलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सत्तावन्न वर्षांच्या बाईने काय लाजायचं.

तळघरातही गेलो होतो. एका बाजूने पायऱ्या उतरायच्या, अरुंद वाटेने दुसऱ्या बाजूने वर यायचं. तिथे ती संत फिलोमिना झोपलेली, म्हणजे तिची मूर्ती. माझी आई तिला चिन्नम्मा म्हणायची आणि कुणाला ताप आला की गुपचूप मेणबत्ती लावून यायची. घरात विठोबा, तळघरात चिन्नम्मा, आईला दोघांचं वावडं नव्हतं. तू मला तिची गोष्ट सांगितलीस, फादरकडून ऐकलेली. लहान मुलगी होती, राजाने लग्नासाठी मागणी घातली, तिने नाही म्हटलं, मारून टाकलं तरी नाहीच म्हटलं. मी म्हणाले, अय्यो, एवढा हट्ट? तू हसलास आणि म्हणालास, तुला कधी नाही म्हणायची वेळ आली तर कळेल. ती वेळ फार लवकर आली, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

त्याआधी आपल्या घरांचं बिनसलं. कशावरून, ते आता कुणाला सांगितलं तर हसतील. देवाच्या अंगीवरून! आपल्या देवळात कार्तिकीला विठोबाला नवी अंगी आणि रखुमाईला नवी चोळी शिवायचा मान. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. साठ साली तुझे वडील रंगनाथकाका आजारी होते म्हणून माझ्या वडिलांनी त्यांच्या पाळीची अंगी न विचारता शिवून टाकली. मदत म्हणून केली, ते म्हणाले. मान लाटला, काका म्हणाले. झालं. कापणं-शिवणं वेगळं झालं, गच्चीच्या भिंतीवर तुमच्याकडून आणखी चार विटा चढल्या, आणि दोन म्हातारे समोरासमोरच्या दुकानांत बसून एकमेकांकडे पाठ करून मशीन चालवायला लागले. तू आणि मी मात्र त्या चार विटांवरून बोलतच होतो. फक्त आता हळू बोलायचो, आणि हळू बोलायला लागलं की बोलण्याचा अर्थ बदलतो, हे आपल्याला दोघांनाही उशिरा कळलं.

बासष्टच्या उन्हाळ्यात मला म्हैसुरातल्याच नजरबादहून मागणी आली. सरकारी कचेरीतला कारकून, शेषगिरी नाव, शांत माणूस. वडील खूश. त्याच महिन्यात तुझ्या मामांनी तुला सोलापूरला बोलावलं, मोठं दुकान आहे, कटर हवाय, आता महाराष्ट्र वेगळा झालाय, आपल्या भाषेच्या मुलखात ये. तू कुणालाच काही उत्तर दिलं नाहीस. ऑगस्टात चर्चच्या सणाच्या आदल्या दिवशी मी झगे घेऊन पाद्र्यांच्या घराशी आले तेव्हा तू वाटेत उभा होतास. किती घाईत बोललास तू! उद्या संध्याकाळी मिरवणुकीच्या वेळी रखुमाईखाली ये. तू आलीस तर तिथूनच तुला बरोबर घेऊन तुझ्या वडिलांसमोर जाईन, भर गर्दीत त्यांचे पाय धरीन, चार माणसांसमोर ते मला झिडकारणार नाहीत. नाही आलीस तर तुला नजरबाद पसंत आहे असं समजेन आणि सकाळच्या गाडीने सोलापूरला जाईन, परत विचारणार नाही. मी काही बोलायच्या आत माळी आला आणि तू निघून गेलास. परत विचारणार नाही, हे तू दोनदा म्हणालास. तुझा तो ताठा.

मी आले, नरहरी. हे तुला आत्ताच कळतंय हे मला माहीत आहे, पण थांब, पुढे वाच.

आईला सांगितलं, चिन्नम्माला मेणबत्ती लावून येते. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या दर्शनी फाटकाने आत गेले, कारण बाजूचं फाटक सणासाठी बंद होतं. समोर सगळं चर्च दिव्यांनी लखलखलेलं. मान वर करून पाहिलं तर ते दोन मनोरे, इतक्या जवळून मी ते कधी पाहिलेच नव्हते. मला क्षणभर गरगरलं. मग मनातल्या मनात हात जोडले आणि नेहमीप्रमाणे पाहिलं, उजव्या हाताला रखुमाई. उजव्या मनोऱ्याच्या कडेला, भिंतीच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिले. डोक्यावरून पदर घेतलेला, कारण वडील पुढेच कुठेतरी फादरांच्या मागे उभे होते. मला हलायची सोय नव्हती. कुणी ओळखीचं दिसलं असतं तर तू यायच्या आधीच मी घरी पोचवली गेले असते. मेणबत्त्या घेतलेली माणसं पुढून जात राहिली, गाणी झाली, सजवलेला रथ आला आणि मधल्या मोठ्या दारासमोर थांबला. रथ मोठा होता. त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. रथ हलला, गर्दी त्याच्या मागून गेली, दिवे विझवायला माणूस आला. तोवर मी उभी होते. तू नव्हतास.

सकाळी तू गेलास. गच्चीवरून पाहिलं तर तुमच्या दारात तुझी आई रडत होती. मी ठरवून टाकलं, धीर सुटला याचा. मोठमोठं बोलला आणि ऐन वेळी सोलापूरची गाडी बरी वाटली. मग मीही ताठ झाले. नजरबादला होकार दिला. कार्तिकात लग्न झालं, आणि माझ्याच वडिलांनी शिवलेल्या पोलक्यात मी उभी राहिले. माझे यजमान चांगले होते, नरहरी. ते मला कधी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. संध्याकाळी कचेरीतून येताना मोगऱ्याचा गजरा आणायचे, न विसरता. ते जाऊन आठ वर्षं झाली आणि मला त्यांची आठवण येते. ती वेगळी आठवण आणि ही वेगळी. एकीने दुसरीची जागा कधी घेतली नाही, एवढंच खरं सांगता येईल.

रंगनाथकाका वारले तेव्हा तू आला होतास. मी माहेरी होते. काकांच्या तेराव्याला वडील स्वतः तुमच्याकडे गेले, जेवले, रडले. मी गच्चीवर उभी होते. तू अंगणात होतास. मी बघितलं, तू वर बघितलं नाहीस. बघायचं नाही असं ठरवून बघितलं नाहीस, ते मला कळत होतं, मान कशी धरली होतीस त्यावरून. मला इतका संताप आला. आला नाहीस तू, गेलास तू, आणि वर रुसायचं ते तू? जणू मीच काही केलंय! तो राग मी कितीतरी वर्षं जपला. आज वाटतं, त्याच दिवशी मी खाली उतरून तुझ्यासमोर उभी राहिले असते आणि तोंडावर विचारलं असतं, तर? पण सुतकाचं घर, बघणारे शंभर डोळे, कडेवर माझं बाळ. नाही उतरले.

आता या कार्तिकीचं ऐक. देवाच्या अंगीचा तो मान, ज्यावरून आपली दोन घरं कितीतरी वर्षं बोलली नाहीत, तो आता कुणालाच नकोय. तुमच्याकडे कुणी शिवत नाही, आमच्याकडे माझ्या भावाची मुलं बँकेत. गेली काही वर्षं देऊळवाले बेंगळुरूहून तयार अंगी आणतात, जरीची, झगझगीत, आणि मापाला कधी बसत नाही. यंदा मीच म्हटलं, बेडा, विकतची नको, मी शिवते. हात अजून चालतात. सुती कापडाची, साधी, तुमच्या घराच्या पद्धतीने कापली, पाठ आधी, पुढा मग. तुला कापताना पाहून पाहून येतंच की मला. एकादशीच्या पहाटे पुजारी म्हणाले, माझे गुडघे धरलेत, अक्का, ओळगे बन्नी, आत या, बंद तुम्हीच बांधा. देवाच्या अंगीचे बंद पाठीला असतात. बाई आजवर गाभाऱ्यात गेली नव्हती, मी गेले. मूर्तींच्या मागे, भिंतीला टेकून, अंग चोरून उभी राहिले आणि विठोबाच्या पाठीशी बंद बांधायला लागले. आयुष्यभर देवाला समोरून पाहिलं, पहिल्यांदाच मागून पाहत होते. एक बंद बांधून झाला आणि रखुमाईच्या चोळीची गाठ बांधायला मी उजवीकडे हात नेला. हाताला काही लागलं नाही.

रखुमाई डावीकडे होती.

असणारच ना! मागून पाहिल्यावर ती डावीकडेच येणार. पुजारी विचारत होते, काय झालं, अक्का, चक्कर आली का? माझ्या डोळ्यांसमोर विठोबाची पाठ नव्हतीच, आपली गच्ची होती. आपण चर्च आयुष्यभर मागून पाहिलं आणि नावं मात्र समोरून पाहिल्यासारखी ठेवली. गच्चीवरून उजवीकडे दिसायचा तो आपला रखुमाईचा मनोरा. पण तोच मनोरा दर्शनी फाटकातून पाहिला की डाव्या हाताला येतो. मी फाटकात उभी राहून देवळासारखं उजवीकडे वळले. आणि तू? तू कटर. पुढा आणि पाठ उलटल्यावर कुठली बाही कुठे जाते, हे तुला झोपेतही कळायचं. तू नेमक्या आपल्या मनोऱ्याखाली जाऊन उभा राहिला असशील, गच्चीवरून पाहिलेल्या, डावीकडच्या. आणि मधे तो रथ. मी घरी परत आले तेव्हा रडत नव्हते, मला हसू येत होतं, आणि सून घाबरून मुलाला फोन करत होती.

खात्री करायची होती म्हणून परवा रिक्षा करून गेले. एकटी. फाटकातून आत शिरले आणि या वेळी डावीकडे गेले. तिथे कोपऱ्यात दगडी भिंतीला एक कोनाडा आहे, आत गेल्यासारखा, माणूस उभा राहिला तर पाऊस लागणार नाही असा. तिथे उभी राहिले. तिथून उजव्या मनोऱ्याचा पायथा दिसत नाही, मधला दर्शनी भाग पुढे येतो. मग उजवीकडे माझ्या जुन्या जागी गेले. तिथून डावीकडची जागा दिसत नाही. दोन्ही ठिकाणी बराच वेळ उभी राहिले, तुझ्या वाट्याचं आणि माझ्या वाट्याचं. एक फादर जवळून गेले, तरुण, त्यांच्या झग्याची बटणं तयार दुकानातली होती, काजं ढिली. मी हसले म्हणून तेही हसले. मग तुझं ते गच्चीकडे न बघणं आठवलं, रंगनाथकाकांच्या अंगणातलं. तुझी मान. न आलेला माणूस तशी मान धरत नाही, नरहरी. तसं रुसतो तो जो आला होता, थांबला होता, आणि ज्याच्याकडे कुणी आलं नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण त्या जागी उभं राहिल्याशिवाय कळलं नाही.

कोण चुकलं ते ठरवायला मी हे लिहिलेलं नाही. गच्चीच्या हिशेबाने तू बरोबर, देवाच्या हिशेबाने मी बरोबर, आणि भांडायचंच असेल तर समोरासमोर भांडू. लिहिलं ते एवढ्यासाठी, की तू सोलापूरच्या गॅलरीत बसून आजही असं समजत असशील की शांताने नजरबाद निवडलं, रखुमाईखाली कुणी आलंच नाही. तसं समजत तू या जगातून जाऊ नयेस. मी आले होते. दिवे विझेपर्यंत उभी होते. आता माझं ऐक. नाताळच्या संध्याकाळी चर्चला पुन्हा दिवे लागतात. गाडी आहे, तुला आता दिसतं, आणि अडवायला दोन्ही दुकानांत कुणी म्हातारं उरलेलं नाही. मुलाला मी सगळं सांगितलंय. तो म्हणाला, अम्मा, त्यांना घ्यायला स्टेशनवर मी जाऊ का? मी म्हटलं, नको, वाट त्याला माहीत आहे. या वेळी विठोबा नको आणि रखुमाई नको. मी मधल्या मोठ्या दाराच्या पायऱ्यांवर उभी असेन, डोक्यावर पदर न घेता. आणि तू तिथे दिसला नाहीस तर या खेपेला मी एका जागी उभी राहणार नाही. डावीकडे येईन, उजवीकडे जाईन, सगळ्या चर्चला वळसा घालून आपल्या बोळापर्यंत तुला शोधत येईन.

तुझीच,
शांता